सॉफ्ट टॉपला भोक का पडतं, ते कसं बुजवायचं आणि पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं

कन्व्हर्टिबलच्या, म्हणजे छत मिटवता येणाऱ्या गाडीच्या, कापडी छताला (सॉफ्ट टॉपला) भोक पडलं की बहुतेकांचा हात आधी गोंदाकडे जातो. भोक बुजतं, चार दिवस बरं वाटतं, आणि काही महिन्यांनी त्याच जागी किंवा बोटभर पुढे नवीन भोक दिसतं. उन्हापावसाने कापड जुनं होतं हे खरं, पण भोक पाडतो तो बहुधा खालचा सांगाडा. ताणाची तार तुटलेली असते, इलॅस्टिकची पट्टी सैल पडलेली असते, बिजागरीवरचं प्लास्टिकचं टोपण गळालेलं असतं, आणि प्रत्येक उघडझाकीला कापड धातूच्या कडेवर घासलं जातं. ते घासणं थांबवल्याशिवाय लावलेलं ठिगळ म्हणजे फुकट मेहनत.

आधी कापड ओळखा

सॉफ्ट टॉप मुख्यतः दोन प्रकारचे. विनाइलच्या छतात विणलेल्या कापडावर पीव्हीसीचा थर असतो. हाताला ते रेक्झिनसारखं गुळगुळीत किंवा दाणेदार लागतं. दुसरं कॅनव्हास, म्हणजे तीन थरांचं कापड. बाहेर अ‍ॅक्रिलिकचं विणकाम, मध्ये रबराचा पातळ थर आणि आत सुती-पॉलिएस्टरचं अस्तर. हाताला ते जाड तंबूच्या कापडासारखं लागतं आणि वीण डोळ्यांना दिसते.

कॅनव्हासमध्ये पाणी अडवतो तो मधला रबराचा थर. बाहेरच्या कापडावरच्या लेपाचं काम एवढंच की पाण्याचे थेंब व्हावेत आणि ते घरंगळून जावेत. लेप संपला की पाऊस पडल्यावर छतावर काळपट ओले डाग दिसतात. लोक घाबरतात, पण याला गळती म्हणत नाहीत. उलट आतल्या सीटवर पाणी ठिबकत असेल तर बाहेरून फवाऱ्याच्या कितीही बाटल्या मारा, उपयोग होणार नाही. ते पाणी शिवणीतून, रबराच्या पट्टीतून किंवा छतावरचं पाणी गाडीबाहेर नेणाऱ्या, पण तुंबलेल्या नाळीतून येतंय.

विनाइल आणि कॅनव्हास यांची औषधं वेगळी आहेत. विनाइलसाठी पाण्यावर आधारलेलं, ऊन रोखणारं संरक्षक घ्या. कॅनव्हाससाठी फ्लुरोकार्बन असलेला कापडी फवारा. यांची अदलाबदल करू नका.

घासण्याची जागा शोधा

विजेवर चालणारं छत असेल तर सांगाड्यात हात घालण्याआधी बॅटरीची ऋण तार काढा. छत अर्धवट उघडं ठेवून काम करायचं असेल तर सांगाड्याखाली लाकडाचा जाड तुकडा टेकवा. हायड्रॉलिक दाब कायम टिकेल या भरवशावर राहू नका. ते कात्रीसारखे मिटणारे सांधे बोटं चिरडू शकतात.

आता छत सावकाश, टप्प्याटप्प्याने मिटवा. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला बटण किंवा हँडल सांभाळायला सांगा आणि स्वतः बाजूला उभं राहून कापड कुठे जातंय ते बघा. नीट चालणारं छत मिटताना कापड ठरलेल्या घडीवर आत किंवा बाहेर वळतं. बिघडलेल्या छतात ते मध्येच दोन सळ्यांत सापडतं.

सगळ्यात जास्त विरतं ते दाराच्या खिडकीच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात, कारण तिथेच सांगाड्याचा मोठा सांधा येतो. त्यानंतर मागच्या खिडकीशेजारची दुहेरी घडी, मग पुढच्या काचेवरचे दोन कोपरे. आडव्या कमानींवर कापड ताणून बसतं. तिथे भोक पडायला वेळ लागतो, पण एक फिकट रेघ आधी उमटते.

डोळ्यांना दिसत नसेल तर खडू वापरा. सांगाड्याच्या सळ्यांवर, सांध्यांवर, स्क्रूच्या डोक्यांवर जाड खडू फासा, छत दोनदा उघडझाक करा आणि आतून टॉर्च मारून बघा. जिथे कापडाला खडू लागला तिथे धातू टेकतोय. थोडासा, पसरट डाग चालतो. अरुंद, गडद रेघ दिसली तर तीच जागा. आतून वेगळं अस्तर लावलेल्या गाड्यांत त्याची मागची किंवा बाजूची कड सोडवावी लागते. ती बहुधा वेल्क्रोने किंवा क्लिपांनी बसवलेली असते.

कारण बहुधा या तिघांपैकी एक निघतं.

इलॅस्टिकच्या पट्ट्या: छत मिटताना कापडाला आत ओढून सांध्यापासून दूर ठेवायचं काम यांचं. काही वर्षांत त्या ढिल्या पडतात. ताणून सोडल्यावर पट्टी झटकन परत येत नसेल तर बदला. रुंद, जाड इलॅस्टिक त्याच लांबीचं कापून, टोकं दुमडून शिवून बसवता येतं. लांबी मोजताना जुन्या सैल पट्टीचं माप घेऊ नका. छत बंद असताना पट्टीवर हलका ताण राहील इतकी ती हवी.

बाजूची तार: दारांच्या खिडक्यांवर कापडाच्या कडेला एक बारीक नळी शिवलेली असते, तिच्यातून पोलादी तार जाते. टोकाला बहुतेकदा स्प्रिंग असते. तार तुटली की वेगात गाडी चालवताना कड फडफडते आणि मिटताना सांध्यात अडकते. छत बंद करून कडेवर अंगठा दाबा. कड लुळी पडली तर तार गेली. जुनी तार पूर्ण बाहेर काढायच्या आधी तिच्या टोकाला नवीन तार किंवा मजबूत दोरा बांधा, म्हणजे जुनी ओढताना नवीन आपोआप नळीतून येते. तार मधोमध तुटली असेल तर ताठ, टोक गोल केलेली सळई नळीतून घालून दोरा ओढून घ्यावा लागेल.

टोपणं आणि नमदा (फेल्ट): सांध्यांवर प्लास्टिकची टोपणं आणि कमानींवर नमद्याच्या पट्ट्या असतात. पडलेलं टोपण बदला. ते मिळत नसेल तर धातूची कड बारीक कानशीने गोल करा, गंज काढून रंग लावा आणि वर चिकट नमदा लावा. पाणी धरून ठेवणारा जाड स्पंज नको, त्याखाली गंज चढतो.

धुणं

रस्त्यावरची बारीक माती विणीत बसते आणि घडी पडली की धागे आतून कापते. म्हणून आधी कोरडी धूळ काढायची: मऊ ब्रश, व्हॅक्यूम, हट्टी केस आणि धागे असतील तर चिकट रोलर. मग साधं पाणी भरपूर. मग छतासाठीचा सौम्य साबण किंवा तटस्थ पीएचचा गाडीचा शाम्पू. कपड्यांची पावडर, ब्लीच, भांड्यांचा साबण यांतलं काही नको.

ब्रश मऊ हवा आणि तो विणीच्या दिशेने, सरळ चालवायचा. गोल गोल घासल्याने धाग्यांचा लव उठतो. छताचे तुकडे पाडून एकेक तुकडा धुवा आणि फेस वाळण्याआधी धुऊन टाका. फेस पांढरा येईपर्यंत नाही, पाणी साबणाविना स्वच्छ वाहीपर्यंत. कापडात राहिलेला साबण पुढचा लेप नीट बसू देत नाही.

फिरत्या ब्रशांच्या स्वयंचलित वॉशमध्ये सॉफ्ट टॉपची गाडी घालू नये. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर लांबून, पसरट धारेने, आणि शिवणीवर किंवा खिडकीच्या कडेवर कधीच नाही. पक्ष्यांची विष्ठा दिसली की ओल्या फडक्याने झाका, मऊ होऊ द्या आणि उचला. वाळलेली खरवडली तर धागेही उपटून येतात. हिरवं शेवाळ आणि बुरशी सावलीत उभ्या गाड्यांवर येते. पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून लावलं, थोडा वेळ ठेवलं आणि धुतलं की बरंच निघतं. काळे ठिपके मात्र अनेकदा मागे राहतात.

पूर्ण वाळायला एक दिवस द्या. रंग उडाला असेल तर कॅनव्हासचा रंग आधी लावायचा, लेप त्यानंतर, कारण लेपावर रंग चढत नाही. काच आणि गाडीचा पत्रा चिकटपट्टी-कागदाने झाकून घ्या, दोन पातळ हात मारा. लेपाचा फवारा सावलीत, वारा नसताना, समांतर पट्ट्यांत मारा आणि तो पूर्ण वाळेपर्यंत पाणी लागू देऊ नका. लेप कधी संपला हे कॅलेंडरवर बघू नका. मगभर पाणी टाका. थेंब उभे राहिले तर लेप आहे, कापडाने पाणी प्यायलं तर पुन्हा लावायची वेळ झाली.

कॅनव्हासचं भोक बुजवणं

नाण्याएवढं भोक किंवा बोटभर चीर स्वतः दुरुस्त करता येते. याहून लांब चीर, त्यातही नेमकी घडीच्या रेषेवर असेल, तर कुशनचं काम करणाऱ्या अनुभवी कारागिराकडे जा. घडीवर ठिगळ दर वेळी वाकतं आणि गोंदाची खरी परीक्षा तिथेच होते.

साहित्य: त्याच जातीच्या कॅनव्हासचा तुकडा, उष्णता सहन करणारा कॉन्टॅक्ट गोंद, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धारदार कात्री, छोटा रोलर आणि आधाराला एक सपाट फळी. गोंदाच्या डब्यावर गाडीच्या छताच्या किंवा अस्तराच्या कामासाठी असल्याचं लिहिलेलं हवं. काळं छत उन्हात इतकं तापतं की साधा कॉन्टॅक्ट गोंद मऊ पडून ठिगळ सरकतं. सुपरग्लू वाळून काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच घडीला तडकतो. सिलिकॉन सीलंट तर लावूच नका. तो टिकत नाही आणि त्याचा अंश राहिलेल्या जागी नंतर दुसरा कुठलाच गोंद धरत नाही. कारागीर अशी गाडी बघून कपाळाला हात लावतात.

१. घासणारी जागा आधी दुरुस्त करा. हे झालं नसेल तर इथेच थांबा.

२. भोकाभोवतीचा भाग धुऊन पूर्ण वाळवा. सुटे धागे ओढू नका, कात्रीने कापा. विस्तवाने जाळायचा मोह आवरा, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक गाठी होतात.

३. छत बंद ठेवा पण पुढचे लॅच (छत पुढच्या काचेच्या चौकटीला अडकवणारे खटके) सैल करा, म्हणजे कापडावरचा ताण उतरेल आणि चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडतील. ताणलेल्या कापडावर लावलेलं ठिगळ नंतर सुरकुततं.

४. ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठं कापा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरे आधी सुटतात. ठिगळाची वीण छताच्या विणीच्या दिशेतच ठेवा.

५. ठिगळ आतल्या बाजूने लावायचं. आतली जागा आणि ठिगळ दोन्ही अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. दोन्हींवर गोंदाचा पातळ हात मारा. बोट टेकल्यावर चिकट लागतो पण बोटाला येत नाही, इतका सुकू द्या.

६. बाहेरून एकाने फळी धरावी. आतून ठिगळ मधून सुरू करून कडेकडे दाबत न्या. एकदा टेकलं की हलवता येत नाही, म्हणून नेम आधी धरा. मग रोलर फिरवा.

७. बाहेरून चिरेच्या कडा ठिगळावर नीट बसवा. उरलेल्या फटीत लवचिक पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ भरा, वर येईल ते लगेच पुसा. चीर डोळ्यांत भरत असेल तर छताच्या लपलेल्या शिलाईतल्या कापडाचा छोटा तुकडा वरून लावता येतो. जुन्या कापडाचा रंग नव्या कापडापेक्षा जास्त जुळतो.

८. एक दिवस हात लावू नका आणि दोन-तीन दिवस छत मिटवू नका. त्यानंतर तेवढ्या भागाला लेपाचा फवारा.

शिवण उसवली असेल तर

कापडाआधी दोरा कुजतो. मोठी दुरुस्ती म्हणून आलेल्या कित्येक छतांत कापड ठणठणीत असतं, फक्त दोरा गेलेला असतो. ऊन सोसणारा पॉलिएस्टर दोरा किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा घ्या. दुसरा महाग असतो, पण उन्हाने कुजत नाही. सुती दोरा नको. नायलॉन मजबूत दिसतो, पण उन्हात कमजोर होतो.

जुन्याच भोकांतून शिवायचं, हा यातला मुख्य नियम. प्रत्येक नवीन भोक म्हणजे रबराच्या थराला पडलेलं आणखी एक छिद्र. उसवलेल्या जागेच्या दोन-तीन सेंटिमीटर आधी, चांगल्या टाक्यांवरून सुरुवात करा. दोन सुया घेऊन एकाच भोकातून समोरासमोर दोरा काढला तर मशीनच्या टाक्याएवढी घट्ट शिवण येते. त्यासाठी एक माणूस आत, एक बाहेर असं बसावं लागतं. एकट्याने करायचं असेल तर वाकडी सुई वापरा आणि धीर धरा. शिवून झाल्यावर बाहेरून शिवणीचं सीलंट ब्रशने लावा, दोऱ्यात मुरू द्या, आणि दुसरा हात द्या.

विनाइल

विनाइलला पडतात त्या भेगा, आणि त्या पडतात वरचा थर कोरडा होऊन. केसासारख्या भेगा लवचिक द्रव विनाइलने भरता येतात, अनेक पातळ थरांत. आरपार चिरेला आतून विनाइलचंच ठिगळ आणि विनाइलचा खास गोंद. हीट गन वापरत असाल तर लांबून, सतत हलवत. चमक आली की थांबा, पुढच्या क्षणी थर जळतो. भेगा छतभर असतील तर हे सगळं वरवरचं आहे.

मागची खिडकी

पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला मागे प्लास्टिकची, चेनने उघडणारी खिडकी होती. छत मिटवण्याआधी ती चेन उघडून खिडकी सपाट झोपवायची असते. कंटाळा करणाऱ्यांच्या खिडकीवर आडवी चीर ठरलेली. बीएमडब्ल्यू झेड३ चे मालक घडीत गुंडाळलेला टॉवेल ठेवतात, म्हणजे प्लास्टिकला तीक्ष्ण मोड पडत नाही. सुरुवातीच्या पोर्शे बॉक्सटरमध्ये छत मध्येच थांबवून, उतरून, खिडकी हाताने आत ढकलायची पद्धत पडली. २००३ च्या मॉडेलपासून तिला काच आली आणि हे प्रकरण संपलं.

प्लास्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी भरपूर पाणी, मग मायक्रोफायबर. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर तिला धूसर करतं. बारीक ओरखडे आणि हलका पिवळेपणा प्लास्टिक पॉलिशने कमी होतो. तपकिरी पडलेली, हाताला कडक लागणारी खिडकी पॉलिशने सुधारत नाही, ती बदलायचीच. थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि मोडतं. गाडी आतून गरम झाल्याशिवाय छत उघडू नका.

काचेच्या खिडकीचा आजार वेगळा: तिच्या कडेचा गोंद कापडापासून सुटतो. वर बोटभर फट दिसली की छत उघडणं बंद. मिटताना लोंबणारी काच सांगाड्यावर आपटू शकते. ही दुरुस्ती गाडीच्या काचेच्या युरेथेन गोंदाने, प्रायमर लावून, कापड नीट धरून ठेवून करावी लागते. माझ्या मते हे काम घरी करू नये, कारण काचेला गोंद सहज धरतो, कापडाला धरत नाही, आणि घरचं काम नेमकं त्या बाजूने पुन्हा सुटतं.

पाणी आत येतंय

एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून झारीने पाणी टाकावं. खालून वर जायचं: आधी दाराची काच आणि तिची रबरी पट्टी, मग बाजूची शिवण, शेवटी छताचा मधला भाग. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

त्याहीआधी नाळी तपासा. छतावरून मागे वाहणारं पाणी दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली, गाडीबाहेर जातं. तिथे पानं आणि चिखल साचला की पाणी आत वळतं. एमएक्स-५ मध्ये ही भोकं सीटमागे असतात. ती तुंबली की दाराखालचे उंबरठे आतून गंजतात. पहिल्या बॉक्सटरमध्ये सीटखाली इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं, युनिट आहे. तिथे पाणी साचलं तर गाडी सुरूच होत नाही आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो. नाळ साफ करायला जाड नायलॉनची लवचिक दोरी सावकाश फिरवत घाला. तारेने नळी फाटते, आणि हवेचा जोरदार झोत आतली नळी जोडापासून निसटवू शकतो. मग मगभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का बघा.

रबराच्या पट्ट्या पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोलियम जेली किंवा इंजिन ऑइल रबर फुगवतं. पुढची पट्टी नीट दाबली जात नसेल तर अनेक गाड्यांत लॅचचा आकडा स्क्रूने कमी-जास्त करता येतो. अर्धा-अर्धा आटा फिरवा, दोन्ही बाजूंना सारखा. अति घट्ट केलं तर पुढची शिवण उसवते.

रोजच्या सवयी

ओलं छत मिटवू नका. नाइलाजाने मिटवलं तर पोहोचल्यावर लगेच घडी उलगडून, बंद स्थितीत ताणून वाळवा. आठवडेच्या आठवडे छत मिटवून ठेवलं की घड्या पक्क्या होतात आणि कापड आखडतं, मग लॅचपर्यंत पोहोचतच नाही. जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर छत बंद असावं. मिटलेल्या छताच्या खोबणीत छत्री, पिशवी, काहीही ठेवू नका. अर्धवट मिटलेलं छत घेऊन गाडी हलवू नका, पार्किंगमध्ये चार हात पुढे घेण्यापुरतीसुद्धा नाही. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने ते दिवसभर पॉलिश पेपरचं काम करतं.

कधी थांबायचं

रात्री गाडीत टॉर्च लावून बाहेरून छत बघा. घड्यांवर सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर रबराचा थर संपला आहे. सुई घालताना टाक्याभोवतीचं कापडच फाटत असेल, लॅच लावायला दोन माणसं लागत असतील, किंवा तीन ठिकाणी ठिगळं असून चौथी जागा विरली असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका.

नवीन छत टाकताना कारागिराला बाजूच्या तारा, इलॅस्टिक आणि नमदा नवीन टाकायला आधीच सांगा. जुन्या सुट्या भागांवर नवीन कापड चढवलं तर ते जुन्याच जागी विरतं. नवीन कापड ताठ असतं आणि लॅच लावायला जोर लागतो. उबेत ते नरम पडतं. पहिले एक-दोन आठवडे छत बंदच ठेवा, कापड सांगाड्यावर बसू द्या. पहिल्यांदा मिटवाल तेव्हा सावकाश, बाजूला उभं राहून, दोन्ही सांध्यांजवळचं कापड हाताने योग्य घडीवर वळवून घ्या. त्या दिवशी पडलेली घडी पुढे कायम राहते.